बंदी मोडणारे घरचेच

मुर्धा गावाच्या पुढे, खाडीला लागून आमची कोळ्यांची वस्ती. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वर्गासमोर उभं राहायची मला अजूनही भीती वाटते. पण त्या दिवशीची भीती वेगळी होती.

प्रेझेंटेशनला मला विषय मिळाला होता दोनशे वर्षांपूर्वीच्या एका बंदीचा. फ्रान्सच्या सम्राटाला समुद्रावर इंग्लंडला हरवता येईना, म्हणून त्याने युरोपातल्या बंदरांना हुकूम दिला की इंग्लंडशी सगळा व्यापार बंद. इंग्लंड गुडघे टेकेल, असा त्याचा अंदाज होता. झालं भलतंच. साखर, कॉफी महागली, बंदरांतली कामं बसली आणि लोक वाळूच्या गाड्यांत साखर लपवून आणू लागले.

मी हे वाचत होतो तेव्हा आमच्या वस्तीतही बंदी चालू होती. मासळी उचलणाऱ्या व्यापाऱ्याने भाव पाडला होता. जमातीच्या बैठकीत ठरलं, तो भाव वाढवेपर्यंत त्याला कुणी मासळी द्यायची नाही. जो देईल त्याची होडी ओढायला कुणी हात लावणार नाही, त्याच्या घरच्या लग्नाला कुणी जाणार नाही. हे मांडलं माझ्याच बाबांनी. आणि आई रोज सकाळी टोपलीत बोंबील भरून, वर मेथीच्या जुड्या रचून, रिक्षाने गोडदेवला जात होती. तिथे त्याच व्यापाऱ्याचा माणूस उभा असायचा. बाबांना माहीत नव्हतं. ताईचं लग्न तोंडावर आलं होतं.

मी एकदाच आईला विचारलं.

"बोंबलाला तुझ्या बाबाची बैठक कळत न्हाय," ती म्हणाली. "दुपारपर्यंत त्याचं पाणी होतंय. तू अभ्यास कर."

वर्गात तिसऱ्या बाकावर आमच्या जमातीच्या पाटलांची मुलगी बसली होती. तिच्याकडे न बघता मी बोलत राहिलो. हॉलंड आलं. तिथे सम्राटाने आपल्या सख्ख्या भावाला राजा केलं होतं आणि त्या भावानेच चोरट्या मालाकडे काणाडोळा केला. शेवटी त्याला गादी सोडावी लागली.

"घरच्याच माणसाने का असं केलं असेल?" मॅडमनी विचारलं.

"तिथली माणसं बंदरावर जगत होती, मॅडम," मी कसंबसं म्हणालो आणि घाईने रशियाकडे वळलो. रशियाने बंदी उघडपणे झुगारली, रशियाला धडा शिकवायला गेलेली सम्राटाची बहुतेक फौज तिकडेच संपली. साम्राज्य बुडायला ते एकच कारण नव्हतं, पण त्यातून ते सावरलं नाही.

तास संपल्यावर पाटलांच्या मुलीने मला जिन्यात गाठलं.

"हॉलंडचं बरंच माहितीये तुला."

"पुस्तकात होतं."

"आणि मेथी? ती पण पुस्तकात होती?"

मी कठडा धरला. तिने मागे-पुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घाबरतोयस काय? मम्मी विचारतेय, तो माणूस आणखी एक टोपली घेईल का?"

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिला कदाचित तिच्या वडिलांनीच खात्री करायला पाठवलं असेल. आणि नसेल पाठवलं, तर मग सगळ्याच घरांतून माल जात असणार, आणि जो पहिला सापडेल तो सगळ्यांच्या वाट्याची शिक्षा भोगणार.

"माझी आई कुठे जात नाही," मी म्हणालो.

ती खाली उतरली.

त्या संध्याकाळी देवळापुढे बैठक होती. बंदी चालू ठेवायची का, असं पाटलांनी विचारलं. पुढे बसलेल्या बाबांनी हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनी केला. बायकांमध्ये पाटलीणबाईंचा हात होता. माझ्या पुढेच बसलेल्या आईचाही होता. मी बघत राहिलो. कुणीच नाही म्हणत नव्हतं.

आईने मान न वळवता मागे हात घालून माझा गुडघा दाबला.

"हात वर कर," ती पुटपुटली. "बघतायत."