उदाहरणाची चाखणी

समस्त जनतेस कळविण्यात येते की, कोडवरच्या टिपणीतलं उदाहरण पानावर वाकडं उमटलं तर जग बुडतं. निदान बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या ऑफिसात तरी बुडतं, आणि ते बुडाल्याचं जाहीर करण्याचा अधिकार माझ्याकडे आहे.

टिपणी म्हणजे कोडच्या डोक्यावर माणसांसाठी लिहिलेला मजकूर. त्यातून एक टूल माहितीची पानं तयार करतं आणि ती वाचून बाहेरचे लोक आमचं कोड वापरतात. म्हणून मी एक रीत पाडली आहे: चाखणी. ज्यानं कोड पाहिलेलं नाही त्यानं पानावरचं उदाहरण उचलायचं, जसंच्या तसं चिकटवायचं आणि चालवायचं. लिहिणाऱ्यानं शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. उघडलं की नापास.

बेळगावहून आलेल्या एका नव्या मुलीनं बेंगळुरूचे पत्ते उलगडून घर शोधणारं कोड लिहिलं. इथला पत्ता म्हणजे अमुक मेन रस्ता, त्याला छेदणारा तमुक क्रॉस रस्ता, पुन्हा मेन, आणि शेवटी गणपतीच्या देवळासमोर. चाखणी पार पडली तर काम तिच्याकडेच राहणार होतं, नाहीतर दुसऱ्या टीमकडे जाणार होतं. चाखणार होते आमचे साहेब, मूळचे पुण्याचे, आणि "टिपण्या वाचतो कोण?" असं प्रत्येक मीटिंगला विचारणारे.

त्या सकाळी मी तिचं पान उघडलं आणि मला अत्यानंद झाला. फाइलीत तिनं उदाहरण रांगोळीसारखं मांडलं होतं. पानावर मात्र सगळ्या ओळी एकमेकींच्या अंगावर कोसळून त्यांचा एकच परिच्छेद झाला होता. मी चूक सांगितली नाही. उभा राहिलो आणि तो परिच्छेद कंसांसकट मंगलाष्टकांच्या चालीत म्हणायला लागलो.

"पुरे की अण्णा," ती हसत म्हणाली. "माझ्या फाइलीत तर सरळ दिसालंय."

"फाइल तू वाचतेस. लोक पान वाचतात."

ती हसायची थांबली. "मग हे कोड हाय म्हणून टूलला कसं कळायचं?"

"तू सांगितल्याशिवाय?"

तिनं उदाहरणाच्या आधी आणि नंतर 'हे कोड आहे' अशा खुणा घातल्या. ओळी शहाण्यासारख्या एकाखाली एक उभ्या राहिल्या. मी तिथंच टाळी वाजवली असती. पण ती कोऱ्या फाइलीत स्वतःच चाखायला बसली. उदाहरण चालेना. तिचं कोड त्या फाइलीत बोलावणारी पहिली ओळच उदाहरणात नव्हती, हे तिलाच सापडलं. ती ओळ घातली, आणि खाली कोणतं उत्तर यायला हवं तेही लिहिलं. माझ्या रीतीत एवढं नव्हतं, आता आहे.

दुपारी साहेब बसले. कोडला हात लावून त्यांना जमाना झाला होता. ती ओठ मिटून कॉफीचा पेला धरून बसलेली. साहेबांनी उदाहरण उचललं, चिकटवलं, आणि काहीतरी विचारायला सवयीनं तिच्याकडे वळले. ती छताकडे बघत राहिली. नाइलाजानं ते पुन्हा पान वाचायला लागले. साहेब टिपणी वाचत होते! मी खुर्चीत दोन बोटं उंच झालो.

त्यांनी बटण दाबलं. पानावर होतं तेच उत्तर आलं. मग त्यांनी स्वतःचा कोरमंगलाचा पत्ता घातला, घर सापडलं.

"मला जमलं," साहेब बोलून गेले, "म्हणजे कुणालाही जमेल."