काकूंचं कंट्रोल

काकूंना इंग्रजी शब्द एकच येत होता, पण त्याला त्यांनी कधी उसंत दिली नाही. कंट्रोल! रेशनच्या दुकानाला तेव्हा सगळं मिरजगाव कंट्रोलच म्हणे. काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यापासून ते दुकान काकूच चालवत. मी शाळेत नवा मास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो.

एखादा नवरदेव मनात भरला नाही, की तो 'कंट्रोलचा', म्हणजे हलका माल. स्टोव्ह भडकला, की "मेल्याला कंट्रोलच न्हाई." घरच्या आठवणीने माझा चेहरा उतरला, की म्हणायच्या, "मास्तर, डोळं कंट्रोल करा, पोरं हसतील." एकदा मी विचारलं, "खर्ड्याला माहेरी कधी जाणार?" "कंट्रोल सुटलं की!" म्हणाल्या. मग दुष्काळ पडला आणि सुटायची आशाच संपली.

लाल मिलोसाठी, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीसाठी, रोज रांग. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, म्हणून रांगेत आपापला दगड ठेवत. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही आणि दगड आहे तोवर काकूंनी दार ओढायचं नाही, हा रिवाज. "पान मांडल्यावर उठवत्यात का कुनाला?" असं त्यांचं म्हणणं.

एका दुपारी खर्ड्याहून निरोप आला. आईचं खरं नाही, तोंड बघायला या. जामखेडकडे जाणारी संध्याकाळची एसटी तेवढी उरली होती. रांगेतल्या एका म्हातारीने आपला दगड उचलला. "जा बाई तू. तू माघारी आलीस की येतू आमी." मग कामावरून परतलेल्या ज्याने त्याने आपापला उचलला. उपाशी माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन मुकाट घरी गेली.

एकच दगड राहिला. लांबच्या वस्तीवरच्या बाईचा. ती अजून कामावरच होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सरकारी धान्याची किल्ली परक्याला देता येत नव्हती. मी दगड उचलायला वाकलो.

"हात लावू नका, मास्तर. आज माझ्यापायी हलला, तर उद्या कुनाचा जाग्यावर ऱ्हाईल?"

एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. काकू उंबऱ्यातच बसून होत्या. मला त्यांचा रागही आला आणि रडूही.

दिवेलागणीला ती बाई आली. "अजून उघडं हाय व्हय?"

"तुझीच वाट बघत हुते," म्हणत काकूंनी मिलो मापला, वर एक ओंजळ घातली. ती हसून गेली. मग दार ओढलं गेलं आणि भिंतीपलीकडून हंबरडा ऐकू आला.

सकाळच्या गाडीने त्या पोचल्या, तेव्हा आईला नेऊन झालं होतं. त्या बाईला हे आम्ही कुणीच कधी कळू दिलं नाही. जाताना काकू तसं बजावूनच गेल्या होत्या.