कॅप्टनचा एक घोट

पेल्यात थोडी लाल वाइन ओतायची, पेला खिडकीकडं धरायचा आणि त्याच्या मागं आपली तर्जनी उभी करायची. "बोट दिसतंय नव्हं साहेब? मग हलकी हाय. बिनघोर घ्या." आमच्या हॉटेलात लाल वाइन मागणाऱ्या प्रत्येकाला कॅप्टन हे बोट दाखवत. गिऱ्हाईक बोटाकडं बघे आणि आम्ही स्वयंपाकघरातून गिऱ्हाइकाकडं बघून हसत असू.

हॉटेल उमरग्याच्या अलीकडं, हायवेला लागून. मी तिथला आचारी, म्हणून सगळ्यांचा वस्ताद. ते वाढप्यांचे मुख्य, म्हणून कॅप्टन. पन्नाशीचा, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. हैदराबादेच्या एका मोठ्या हॉटेलात बारा वर्षं वाढून आलेले. वाइनमधलं जे काही आम्हाला कळलं, ते त्यांच्यामुळंच.

तुम्ही म्हणाल, उमरग्यात वाइन कोण पितं? पितात की. दवाखान्यांतले डॉक्टर, हैदराबादेला निघालेली कुटुंबं, नव्यानं लग्न झालेली जोडपी. कुणी त्यात बर्फ मागे, कुणी सोडा. एका पाहुण्यानं तर पेला अर्धाच भरला म्हणून भांडण काढलं होतं. कॅप्टन शांतपणे म्हणाले, "वरची जागा वासाची हाय साहेब. त्येला बी बसाय जागा लागती की."

कुणी सगळ्यात महागडी बाटली मागितली, तर ते स्वतःच अडवत. "आमचं मटण तिखट. त्याच्यावर जड, तुरट वाइन घेतली तर जिभंची आग हुईल. ही स्वस्तातली हलकी घ्या. न्हाय आवडली तर मला बोला." बाटलीवर लिहिलेलं असे, खोलीच्या तापमानाला द्यावी. "कुणाच्या खोलीच्या?" कॅप्टन विचारत. "एप्रिलात आपल्या खोलीत मेणबत्ती वाकती." मग ते बाटलीला ओलं फडकं गुंडाळून कूलरसमोर ठेवत, आणि मगच टेबलावर नेत.

एवढं सगळं सांगणाऱ्या ह्या माणसानं आयुष्यात वाइनचा एक थेंबही चाखला नव्हता. हॉटेलात हे फक्त मला माहीत होतं, कारण त्यांची जीभ मी होतो.

नवा माल आला की कॅप्टन एक चमचा भरून स्वयंपाकघरात आणत. मी चाखायचो आणि मला येत होतं त्या भाषेत सांगायचो. "कच्च्या जांभळासारखी जीभ धरते." "कोकमाचं पाणी, वर जरा मिरी." ते डोळे मिटून ऐकत, वास घेत आणि मनात कुठंतरी ठेवून देत. बाहेर जाऊन तेच असं काही सांगत की मलाही वाटे, एक पेला आपणही मागवावा. मालकाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. कामावर प्यायला म्हणून त्यानं माझ्या आधीच्या आचाऱ्याला भरल्या हॉटेलात हाकललं होतं.

एकदा मी चेष्टेत म्हणालो, "कॅप्टन, एक थेंब घ्या, कोण बघतंय?" ते हसले नाहीत. "माझा बाप ह्याच्यातच गेला, थोरला भाऊ बी ह्याच्यातच. आईनं मला विहारात नेऊन पाच शीलं घ्याय लावली. बाकी चार कवातरी इकडं-तिकडं झाली आसतील, पाचवं, दारूचं, न्हाय मोडलं. मला भ्या वाटतं वस्ताद. बापाचंच रगत हाय. एक घोट घेतला आन् आत कोण जागं झालं म्हंजे?"

"मग विकता कसं?" मी विचारलं.

"त्येचं उत्तर मला बी सापडलं न्हाय," ते म्हणाले. "दोन पोरी शिकत्यात."

त्यानंतर मी ती चेष्टा कधी केली नाही.

मग तो रविवार आला. मालकाच्या मुलीला बघायला नाशिककडची माणसं येणार होती. मुलाच्या वडिलांची द्राक्षबाग, वाइनच्या कारखान्याला माल घालणारे. मालक सकाळपासून तीनदा शर्ट बदलून आला. दुपारी जेवण मांडलं. कॅप्टननी आदल्या दिवशी आमच्या चमच्यातून गेलेली हलकी लाल निवडली, ओल्या फडक्यात गार केली, बोट दाखवलं, ओतली.

मुलाच्या वडिलांनी एक घोट घेतला आणि कपाळाला आठी घातली. "गार का? लाल वाइन गार कुणी देतं? बाटली बिघडलेली असली की अशी गार करून खपवतात."

मालकाचा चेहरा पांढरा पडला. "कॅप्टन," तो म्हणाला, "पाहुण्यांसमोर चाखून सांगा."

"बाटली चांगली हाय, साहेब. म्या वास घेतलाय."

"वासावर काय सांगता? चाखा की."

मी दारात वांग्याची कढई घेऊन उभा होतो. कॅप्टननी माझ्याकडं बघितलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: मालक, काल मी चाखलीय, मी सांगतो. दोन वाक्यं. माझ्या डोळ्यांसमोर तो हाकललेला आचारी आला. मी मान खाली घालून वांगी मोजल्यासारखं केलं. मी भ्यालो, दुसरं काही नाही.

मान वर केली तेव्हा कॅप्टनच्या हातातला पेला रिकामा होता.

"चांगली हाय, साहेब," कॅप्टन म्हणाले. "हलकी हाय, म्हणून गारच चांगली लागती. जरा थांबून परत घ्या." पाहुण्यांनी परत घेतली, मान डोलावली आणि दुसरा पेला मागितला. मालकानं सुटकेचा श्वास सोडला. कॅप्टन आत आले, नळाखाली तीनदा चूळ भरली आणि चार वाजता निघून गेले.

सहाला त्यांच्या बायकोचा फोन आला. "वस्ताद, ह्ये अजून घरला आले न्हाईत. कामावर हाईत का?" हायवेवरच्या तिन्ही बारांत मी बघून आलो. प्रत्येक दार ढकलताना वाटे, आत आहेत. नव्हते. ऊन उतरता उतरता ते सापडले विहाराच्या पायरीवर. चपला पायातच होत्या.

"आत का गेला नाहीत?" मी विचारलं.

"जावं का न्हाय, कळंना."

मी शेजारी बसलो. माफी मागायची होती, ती ओठावर येईना. त्याऐवजी मी विचारलं, "काय करताय इथं?"

"बघाय लागलोय," ते हळूच म्हणाले, "अजून एक घोट पायजे वाटतोय का."

"मग?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतका घाबरलेला माणूस मी पुन्हा बघितला नाही. "लई चांगली लागली वो वस्ताद," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत. नंतर कळलं, येरमाळ्याकडं एका वसतिगृहात पोरांना वाढायचं काम घेतलंय. मालकाच्या मुलीचं लग्न नाशिकलाच झालं. लाल वाइन आता माझ्याच हाताखालचा वाढपी देतो, गरमच देतो, आणि मी काही बोलत नाही.

महिन्याला मी कॅप्टनना फोन करतो. ते हॅलो म्हणत नाहीत. आधी म्हणतात, "अजून न्हाय, वस्ताद." मग पोरींची खुशाली सांगतात, मला जेवलात का विचारतात. मी कधी माफी मागितली नाही, त्यांनी कधी त्या दिवसाची आठवण काढली नाही.

परवा फोन लावला, रिंग गेली, उचलला नाही. काल दोनदा लावला. त्यांच्या बायकोचा नंबर माझ्याकडं आहे. सकाळपासून तो समोर काढून बसलोय. तिला एवढंच विचारायचंय, त्यांनी दुसरा घोट तर घेतला नाही ना, आणि त्या दिवशी दारात निघाला नाही तसाच आजही माझा आवाज निघत नाही.