पातळ कोटातला म्हातारा

आधीच सांगते, मी रक्त काढणारी बाई आहे. अकरा वर्षं झाली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्या मावससासूच्या अंगात येतं तेव्हा तिची शुगर कमी झाली असेल म्हणून तिला साखरपाणी द्यायला उठणारी मीच. भूतखेत, संकेत, स्वप्नं... यातलं मला काहीही पटत नाही. अजूनही नाही. पण गेल्या मे महिन्यात जे झालं त्याचा हिशोब माझ्या डोक्यात लागत नाही, म्हणून इथे लिहितेय. हसायचं त्यांनी हसा.

आमची लॅब लहान आहे. सकाळी सहा ते नऊ होम कलेक्शन, म्हणजे घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं — गारखेडा, पुंडलिकनगर, त्याच पट्ट्यात स्कूटीवर फिरायचं. हे काम मी आणि वर्षा, दोघी करतो. वर्षा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, माहेर पैठणकडचं, बोलायला फटकळ आणि शीर सापडण्यात माझ्यापेक्षा हुशार. आठ वर्षं एका डब्यात जेवतोय.

प्रत्येक ट्यूबवर कागदी चिकटपट्टी लावून पेशंटचं नाव लिहायचं आणि कोपऱ्यात आपली खूण करायची, हा आमच्या सरांचा नियम. कुणी रक्त काढलं ते कळावं म्हणून. माझी खूण ठिपका, वर्षाची टिकमार्क. आता आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला माहीत असेलच. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाईमाणसाला घर सोडता येत नाही — टाकी, पिंपं, हंडे, सगळं भरून घ्यावं लागतं. त्यामुळे आम्ही दोघींनी एक सोय करून ठेवली होती. तिचा पाण्याचा दिवस असला की तिची घरं मी करायची आणि ट्यूबवर तिची टिकमार्क मारायची. माझा दिवस असला की ती ठिपका द्यायची. सरांना पत्ता नाही. चार वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

त्या मंगळवारी वर्षाकडे पाणी आलं. तिची दोन घरं मी केली, पुंडलिकनगरच्या एकाच गल्लीतली. आधी मालतीकाकू, मग चार घरं सोडून भानुदासकाका. दोघांची उपाशीपोटीची शुगर. उशीर झाला होता म्हणून मी जे कधीच करत नाही ते केलं — ट्यूबवर नाव न घालता दोन्ही ट्यूब खिशात टाकल्या आणि चिकटपट्ट्या नंतर स्कूटीच्या सीटवर बसून लावल्या. दोन्हींवर टिकमार्क.

गुरुवारी मालतीकाकूंचा मुलगा लॅबमध्ये येऊन तावातावाने भांडला. आईची शुगर चारशेच्या वर दाखवलीत, ती रात्रभर रडली, दुसरीकडे तपासलं तर एकदम नॉर्मल! सरांनी ट्यूब काढून पाहिली. टिकमार्क. सगळ्यांसमोर त्यांनी वर्षाला असं झापलं की रिसेप्शनवरची मुलगी खाली बघायला लागली. "सोमवारपर्यंत येऊ नका. सोमवारी ठरवू ठेवायचं की नाही."

वर्षा त्या घरात गेलीसुद्धा नव्हती. एका वाक्यात सुटली असती. तिने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि गेली. आणि मी? आळीमिळी गुपचिळी. मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी बोलले तर तिचं उशिरा येणंही उघडं पडेल, म्हणजे मी तिच्याच भल्यासाठी गप्प आहे. माणूस स्वतःला काय काय पटवतो! शुक्रवार गेला, शनिवार गेला. तिचा फोन नाही, माझी करायची हिंमत नाही. जेवण जाईना. दाराची बेल वाजली तरी दचकायचे.

रविवारी दुपारी माझी भाची ईश्वरी आली होती. ती कॉलेजला आहे आणि सदा न कदा ते जपानी कार्टून बघत असते. कार्टून म्हटलं की चिडते, ॲनिमे म्हणायचं. माझा चेहरा बघून म्हणाली, "मावशी, तुला एक मस्त सिरीज दाखवते. स्लाइस ऑफ लाइफ. यात काहीच होत नसतं."

"मग बघायचं कशाला?"

"काहीच होत नसतं म्हणूनच!"

पावणेचारची वेळ. हॉलमध्ये कूलर चालू, मी सोफ्यावर मांडीत ताट घेऊन गवार मोडत बसले होते. पहिलं मत सांगायचं तर, मला आवडलं. एका छोट्या गावातल्या लाँड्रीत काम करणाऱ्या दोन मैत्रिणी. एकीचा बॉबकट, एकीची वेणी. कपडे धुतात, इस्त्री करतात, गिऱ्हाईकाशी बोलतात, मागच्या पायरीवर बसून चहा पितात. इस्त्रीची वाफ अशी काढली होती की वास येईल असं वाटावं. डोळे मात्र फारच मोठे आणि हात काडीसारखे बारीक. ईश्वरीला म्हटलं, यांची शीर सापडायला सोपी जाईल, ती खूप हसली. चार दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे जरा खाली आले.

दुसरा एपिसोड लागला आणि कूलरमधलं पाणी संपलं. ईश्वरी बादली घेऊन मागे मोरीत गेली. आता पुढचं मी जसं पाहिलं तसं लिहिते.

लाँड्रीत प्रत्येक कपड्याला नावाची पट्टी टाचत होत्या. वेणीवालीचा दोरा पिवळा, बॉबकटवालीचा निळा. बॉबकटवाली अजून आली नव्हती. वेणीवालीने दाराकडे पाहिलं, पिवळा दोरा ठेवून दिला आणि निळा ओवून दोन कोटांना पट्ट्या टाचल्या. दोन्ही कोट करडे, एक जाड, एक पातळ. पुढे एक बाई जाड कोट परत घेऊन आली — हा माझा नाही. बॉबकटवाली वाकून वाकून माफी मागतेय. वेणीवाली मागे उभी. एक शब्दही बोलत नाही... संवाद नाहीत, संगीत नाही, खाली अक्षरंही नाहीत.

मला वाटलं आता ही बोलेल. पण चित्र बदललं. एक खोली. एक म्हातारा पातळ कोट घालून कॉटवर बसलेला, थंडीने कुडकुडतोय. त्याला कोट बदललेला कळलेलाच नाही. खिडकीत पाण्याच्या तीन बाटल्या ओळीने, मधलीला झाकण नाही, तिच्यावर वाटी उपडी घातलेली. तो वाटी काढतो, पाणी पितो, वाटी ठेवतो. परत काढतो, परत पितो.

चार दिवस मी फक्त वर्षाचा आणि माझा विचार करत होते. मालतीकाकूंच्या नावावर आलेली ती चारशेची शुगर — ते रक्त कुणाचं तरी होतं ना? चार घरं सोडून राहणाऱ्या भानुदासकाकांचं! आणि त्यांना आम्ही 'नॉर्मल' म्हणून कळवलं होतं. अकरा वर्षांचा अनुभव, आणि हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

ताट बाजूला ठेवून मी स्कूटीची किल्ली घेतली. ईश्वरी बादली घेऊन दारात उभी, "मावशी, काय झालं?" मी तशीच निघाले.

भानुदासकाकांच्या घरी काकींनी दार उघडलं. मला बघून खूश झाल्या. "या की ताई! रिपोर्ट लई चांगला आला म्हणून सांगितलं तुम्ही. चार दिवस झाले, मन भरून आमरस खायलेत बघा हे."

"काका कुठं आहेत?"

"आतल्या खोलीत. झोपायलेत नुसते कालपासून. उन्हाचं असंल."

मंगळवारी मी रक्त घेतलं ते बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर. आतली खोली मी कधीच पाहिली नव्हती. आत गेले. काका कॉटवर पडलेले, ओठ सुकलेले, श्वास जोरजोरात चाललेला. आणि खिडकीत पाण्याच्या तीन बाटल्या. मधलीवर स्टीलची वाटी उपडी.

काकींनी विचारलं, "ताई, काय व्हायलंय तुम्हाला?" तेव्हा भानावर आले. बॅगेतलं मीटर काढून बोट टोचलं. आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं. म्हणजे शुगर मशीनच्या मापाच्या बाहेर.

काकींना म्हटलं, "रिपोर्ट चुकला होता. चूक माझी आहे. काकांना आत्ता न्यायचं." शेजारच्या माणसाने रिक्षा आणली. जवळच्या दवाखान्यात लगेच आत घेतलं, सलाईन, इन्सुलिन सगळं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. काकी माझा हात धरून बसल्या होत्या, आणि मला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता. चूक माझी आहे हे सांगूनही त्यांनी धरला होता.

सात वाजता वर्षाला फोन केला. पंधरा मिनिटांत आली, घरच्या गाऊनवर ओढणी घेऊन. मी सगळं सांगितलं.

"मी वाट बघू लागले होते," ती म्हणाली. "गुरुवारी तू बोलशील, मग शुक्रवारी बोलशील... माझी सासू म्हणे, तू सांग की सरांना. मी म्हटलं नाय, ती सांगंल."

रडले नुसती. ती उठून चहा घेऊन आली, दोन कप.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं, टिकमार्कच्या भानगडीसकट. वर्षा त्याच दिवशी कामावर परत आली. मी दोन महिने घरी होते, नंतर घेतलं. भानुदासकाका बरे आहेत. रोज इन्सुलिन, आमरस बंद.

आता मुख्य गोष्ट. त्याच रविवारी दवाखान्यातून ईश्वरीला फोनवर विचारलं, "तो कोटांचा एपिसोड कितवा गं?"

"कोट? कुठले कोट?"

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून बघितला. दुसऱ्या एपिसोडमध्ये त्या मैत्रिणी लाँड्रीच्या पाटीला रंग देतात. एवढंच. निळा दोरा नाही, पिवळा नाही, पातळ कोट नाही, म्हातारा नाही. मागचापुढचा पाहिला, कुठेच नाही. ईश्वरी म्हणते डुलकी लागली असेल. पण ती मोरीत गेली तेव्हा ताटात निम्मी गवार होती आणि मी उठले तेव्हा सगळी मोडून झाली होती. देठ एकीकडे, शेंगा एकीकडे. झोपेत कुणी गवार निवडतं का? चोराच्या मनात चांदणं, असं माझे मिस्टर म्हणतात. मीही तेच म्हणते. दोन ट्यूब, दोन कोट, हे माझ्याच मनाने रचलं असेल, तहानही रचली असेल, मला शुगरची लक्षणं पाठ आहेत. फक्त ती वाटी मला कुणी समजावून सांगा. न पाहिलेल्या खोलीतली वाटी.

वर्षाला दाखवला तो एपिसोड. तिने शेवटपर्यंत बघितला. मग विचारलं, "तुला दिसलं त्याच्यात त्या पोरींचं पुढं काय झालं?"

"माहीत नाही. मी तेवढ्यात उठले."

"बरं झालं उठलीस," ती म्हणाली.

आम्ही अजून एका डब्यात जेवतो. ती हसते, फटकळ बोलते, शीर सापडेना तर मला शोधून देते. पण पाणी आलं की ती आता सरांना फोन करते, मला नाही. उशिरा येते, स्वतःची घरं स्वतः करते आणि टिकमार्क स्वतः मारते. नियमाने तेच बरोबर आहे, मला कळतं.

नंतर मी ती सिरीज पूर्ण बघितली, बाराच्या बारा एपिसोड. वेणीवाली बॉबकटवालीला काय म्हणते, ती तिला पुन्हा निळा दोरा देते का, एवढंच बघायचं होतं. पण त्यात त्यांचं भांडण होतच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या मागच्या पायरीवर बसून चहा पितात.