वाचनालयातला गुरुवार

माझ्या धाकट्या जावेला पनवेलच्या वाचनालयात मीच पहिल्यांदा घेऊन गेले, हे आधी सांगून टाकते. कारण आता तिथं सगळे तिलाच ओळखतात, आणि मला 'त्यांच्या मोठ्या जाऊबाई' म्हणतात.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई बाजारात मासळी विकायची, अजून विकते. घरात पुस्तक उघडायला कोपरा नव्हता, म्हणून बी.ए.चा सगळा अभ्यास मी वाचनालयात, खिडकीजवळच्या खुर्चीत केला. माझ्या कपड्यांना वास येतो म्हणून शेजारची मुलगी आपली खुर्ची लांब सरकवायची. मी जागची हलले नाही. ती खुर्ची मी कमावली आहे, असं मी आजही मानते.

मग वाचनालयाच्या कार्यवाहांच्या मनात आलं, की नुसती पुस्तकं देऊन-घेऊन चालणार नाही, गावाचं उठणं-बसणं इथं झालं पाहिजे. अभ्यासिका वरच्या मजल्यावर गेली, तिच्याबरोबर 'शांतता राखा'ची पाटीही गेली. खालच्या हॉलमध्ये पेपर वाचणाऱ्या आजोबांचा रक्तदाब तपासू लागले, कुणाला ऑनलाइन अर्ज भरून देऊ लागले, शनिवारी मुलांना गोष्टी सांगू लागले. माझी खुर्ची तेवढी खालीच राहिली.

जाऊ जवळच्या नेरे गावची, शेतकऱ्याघरची. बारावीला दोनदा बसून नापास झालेली. एका शनिवारी ती पोराला गोष्टींना घेऊन गेली आणि सांगणाऱ्या बाईच आल्या नाहीत. तर ही सरळ पुढे उभी राहिली आणि हट्टी बैलाची गोष्ट हंबरून सांगितली. पोरं खुळावली. त्या हॉलमध्ये मी एवढी वर्षं साधी कुजबुजले नव्हते, आणि ही तिथं हंबरून आली! त्यावर सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या.

पुढं बायकांची बैठक सुरू करायचं ठरलं, तेव्हा आम्हा दोघींना वाचनालयाच्या समितीचं बोलावणं आलं. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. पदवीधर, इतकी जुनी सभासद, कोळ्याची मुलगी. हे काम दुसऱ्या कुणाला देतील?

"सेक्टरातल्या, सोसायट्यांमधल्या बायका येतातच," कार्यवाह म्हणाले, "पण बाजारातल्या कोळणी, भाजीवाल्या आल्या पाहिजेत. ताई, हे तुम्हीच बघायचं."

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. ते जावेकडे बघत होते.

"बघते की!" ती म्हणाली. "रविवारी सकाळी ठेवू. सगळ्यांना सुट्टी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे नोकरीवाले, नाहीतर नोकरीतून निवृत्त झालेले. रविवार म्हणजे मासळीचा वार, हे त्या खोलीत फक्त माझ्या ध्यानात आलं. रविवारी सकाळी एकही कोळीण पाटी सोडून उठणार नाही. मी गप्प बसले. पडू दे हिची बैठक तोंडघशी. शिवाय मला ऑफिसला सुट्टी रविवारचीच. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती पडताना बघणार होते.

तेवढ्यात समितीतले एक काका चहा फुंकत म्हणाले, "बोलावून बघा. नाही आल्या तर आपला इलाज नाही. त्या लोकांना मुळात आवड नसते."

म्हणजे बैठक पडली, तर जावेच्या नावानं नाही, माझ्या आईच्या नावानं पडणार होती.

"आवड असते, काका," मी म्हटलं. "रविवारी धंदा असतो. तुम्हीच नाही का पिशवी घेऊन पापलेट घासाघीस करून घेत? तेव्हा समोर कोण बसलेलं असतं? गुरुवारी ठेवा, दुपारी. गुरुवारी अर्धं पनवेल मासे खात नाही."

काकांनी कप खाली ठेवला. जाऊ हसत सुटली, "बघा आमच्या जाऊबाई! उगाच नाही शिकल्या!"

"झालं तर मग, गुरुवार," कार्यवाह म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पण तुम्हाला ऑफिस असेल ना?"

असणारच होतं.

पहिल्या गुरुवारी संध्याकाळी मी घरी आले, तर जाऊ गवार मोडत बसली होती. तिचं तोंड थांबेना. "ताई, हॉल भरला हो! सतरंज्या कमी पडल्या. आणि तुमच्या आई! काय हसवतात! सेक्टरातल्या बायकांना म्हणाल्या, भाव करताना लय बोलता, आता बोला की."

आई? मी शिकत होते तेव्हा ती वाचनालयाच्या दारावरून रोज जायची, पण आत कधी आली नाही.

शुक्रवारी ऑफिसातून येताना मी मुद्दाम बाजारात उतरले. आई बोंबील लावत होती.

"काल गेली होतीस म्हणे."

"गेल्ती ना. पंखा बरा हाय तिथं. मी खिडकीशी बसली, वारा लागतो."

"ती माझी खुर्ची आहे."

"तुझं नाव नाय लिवलेलं तिच्यावर."

"मी इतकी वर्षं तिथं होते, तेव्हा आली नाहीस. माझी जाऊ आत्ता आलेली, तिनं म्हटलं आणि गेलीस?"

आईनं बोंबलावर पाणी शिंपडलं. "तिनी बोलवलं, मी गेली. तू कवा बोलवलंस गो?"

मी खाली बसून तिच्याबरोबर बोंबील लावू लागले. बी.ए. असून.

येत्या गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. आईला खुर्चीवरून उठवणार नाही. तिच्या शेजारी दुसरी ओढून बसेन. जावेला मात्र यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती दारात उभी राहील, आणि माझ्याच वाचनालयात तिनं मला 'या ताई, बसा' म्हणावं, हे मला अजून चालणार नाही.