बाबांना वाट माहीत होती

आमच्या भागात गोष्ट सांगणाऱ्या एकट्याला किंमत नाही. त्याच्यासमोर हुंकार देणारा लागतो. सांगणारा एक वाक्य टाकतो, समोरचा म्हणतो ‘हूं’, मग दुसरं वाक्य. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. राजाची मान कापायची राहते, राक्षस तोंड उघडून तसाच उभा असतो आणि सांगणारा विचारतो, ‘झोपला का बे?’

माझा हुंकार देणारा मला प्राथमिक शाळेतच मिळाला आणि आम्ही दोघांनी पन्नाशी ओलांडली तरी टिकला. खामगावात त्याचं नळ आणि पायपांचं दुकान आहे. मी त्याच गावात तत्त्वज्ञान शिकवतो, म्हणजे ज्या मुलांना दुसरा कुठलाच विषय मिळाला नाही त्यांना पंख्याखाली बसवतो. संध्याकाळी त्याच्या दुकानात मी खुर्ची ओढतो आणि गोष्टी सांगतो. गिऱ्हाईक एल्बो मागतं, तो एल्बो देतो, सुटे परत करतो, आणि नेमक्या जागी ‘हूं’ म्हणतो. तो कधी चुकला नाही.

ग्रीक तत्त्वज्ञान मला पहिल्या फटक्यात कळलं ते या माणसामुळे. अथेन्सच्या त्या अनवाणी, शेवटी विषाचा प्याला घेतलेल्या म्हाताऱ्याचे संवाद काढून बघा. म्हातारा बाजारात कुणाला तरी गाठतो, गोड बोलून प्रश्न विचारत सुटतो, आणि समोरचा पानंच्या पानं काय बोलतो? ‘हो.’ ‘अगदी.’ ‘दुसरं कसं असणार?’ माझे वर्गमित्र हसायचे, म्हणायचे, हे कसले संवाद, हा तर एकटाच बोलतोय. मी मात्र उडालो. अरे, हा तर आमचा हुंकार! अडीच हजार वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे, आमच्या ओट्यावरची रीत!

आता बाबांची गोष्ट. ही मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा सांगितली.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गल्लीतल्या एका मुलाचं लग्न होतं. नवरी जळगाव जामोदच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातली. अख्खं वऱ्हाड, त्यात मी आणि हा माझा हुंकारवालाही, ट्रकमध्ये उभं राहून निघालं आणि भर उन्हात, आडरानात, ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. मुहूर्त गोरजाचा. ट्रकवाला म्हणाला, गाव फार लांब नाही, पायवाटेनं जा. त्या गावाची वाट माहीत आहे असं वऱ्हाडातलं कुणीच म्हणेना. नवरदेव बाशिंग हातात धरून चालतोय, बायका चपला आणि पदर सांभाळतायत, बँडवाले ढोल डोक्यावर घेऊन सावली करतायत. चालता चालता एक कोरडा नाला आला आणि पलीकडे वाट फुटली. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही सारख्याच मळलेल्या. नवरदेवाचा काका मटकन खाली बसला.

तेव्हा माझे बाबा पुढे झाले. तेलगिरणीतला साधा नोकरदार माणूस, मोठ्यानं कधी बोलला नाही. ते वाकले, चपलेचा अंगठा सारखा केला. (इथे मी नेहमी वाकतो आणि जरा वेळ घेतो.) मग उभे राहिले आणि छत्री डावीकडे रोखली. म्हणाले, ‘इकडून चला. मले वाट माहीत हाये.’

गाई गोठ्यात शिरत होत्या तेव्हा आम्ही वेशीत शिरलो. मंगलाष्टकं वेळेवर झाली. आणि त्या दिवसापासून बाबा आमच्या गल्लीचे जाणते झाले. मुलाला आयटीआयला घालू की बारावीला? त्याइले विचारा, त्याइले माहीत असते. बोअर कुठं मारू? त्याइले विचारा. बाबा लाजायचे, हसायचे, ‘तुमचं तुम्ही पाहा’ म्हणायचे. लोकांना त्यातही खोल अर्थ दिसायचा. बाबा गेले तेव्हा स्मशानात एकानं भाषणात तीच छत्री उंचावली. नंतर मी आयुष्यभर ‘ज्ञान म्हणजे काय’ हा प्रश्न शिकवला. खरं सांगतो, तो प्रश्न मला कधी अवघड वाटला नाही. ज्ञान म्हणजे काय ते मी छत्रीच्या टोकाला पाहिलं होतं.

गेल्या वर्षी गावच्या वाचनालयानं मला व्याख्यानमालेत बोलावलं. विषय मीच दिला: ज्ञान म्हणजे काय. आता नुसतं भाषण करीन तर मी कसला! मी म्हटलं, ग्रीक पद्धतीनं करू. मंचावर दोन खुर्च्या. एकीवर मी, दुसरीवर माझा नळवाला, हुंकार द्यायला. तो नको नको म्हणाला. मी त्याला इस्त्रीचा शर्ट घालून ओढतच नेला.

काय रंगलं म्हणून सांगू! सभागृह भरलेलं, मी वाक्य टाकतोय, तो ‘हूं’ करतोय, लोक खुश. मग मी अथेन्सच्या म्हाताऱ्याचा खास प्रश्न काढला. समजा एकाला गावाची वाट माहीत आहे. दुसऱ्याला माहीत नाही, पण त्याचा अंदाज बरोबर निघाला. दोघंही पोचले. मग फरक काय?

‘हूं.’

म्हातारा म्हणतो, पोचण्यापुरता काहीच फरक नाही. पण अंदाज म्हणजे दावं नसलेला बैल. आज दारात आहे, उद्या नाही. त्याला कारणाच्या दाव्यानं खुंट्याला बांधा, मग त्याचं ज्ञान होतं.

‘हूं.’

इथे मला भरतं आलं. मी म्हणालो, न जाणता जो बरोबर वाटेनं चालतो तो आंधळा. रस्ता सरळ होता म्हणून पोचला, त्यात त्याची काय थोरवी? असल्या आंधळ्याच्या मागं जाणं म्हणजे जुगार. माझे बाबा तसे नव्हते. आणि मी गोष्ट सुरू केली. ट्रक, बाशिंग, नाला, दोन वाटा. वाकलो. उभा राहिलो. हात डावीकडे रोखला. ‘मले वाट माहीत हाये!’

आणि हुंकारासाठी थांबलो.

हुंकार आला नाही.

मी वळून पाहिलं. तो खुर्चीच्या कडेला आला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर.

‘नाई,’ तो म्हणाला.

‘काय नाई?’

‘काकाले, तुह्या बाबाले, वाट माहीत नव्हती.’

लोक हसले. मीही हसलो, दात दाखवून, कारण माइक चालू होता. हळूच म्हणालो, ‘बे, हूं म्हण.’

‘नाई म्हणत. त्याइले वाट माहीत नव्हती. अन् ते आंधळेबी नव्हते.’

‘तुले काय माहीत?’

‘त्याइनंच सांगतलं मले. नाल्यातच.’

सभागृह दणाणलं. हसून, टाळ्या पिटून. त्यांना वाटलं, हे बसवलेलं आहे! तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला त्याच्याच हुंकाऱ्यानं कोपऱ्यात घेतलं, वा, याला म्हणतात ग्रीक पद्धत! अध्यक्षांनी उठून दोघांना शाल दिली. मी वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी गावभर मोबाइलवर तो तुकडा फिरत होता, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी वाकतोय, हात रोखतोय, आणि मागून तो म्हणतोय, ‘नाई.’

मी सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. तो आला, शटर वर केलं, माझ्यासाठी खुर्ची काढली. मी बसलो नाही.

‘आता सांग.’

‘काय सांगू? काका खाली वाकले, आठवते ना?’

‘चपलेसाठी.’

‘चपलेसाठी नाई. माह्या कानाशी यायले. मी त्याइच्या बाजूले होतो. मले म्हणे, पोट्ट्या, डावी घेऊ का उजवी? मले काई माहीत नाई.’

मास्तर तो मास्तर, मी उलटतपासणी सुरू केली. तू आठ वर्षांचा होतास. ऊन होतं. चुकीचं ऐकलं असशील. स्वप्न असेल. तुझ्याकडे पुरावा काय? मी जे काही म्हाताऱ्याकडून शिकलो होतो ते सगळं त्याच्यावर झाडलं. तो नळाच्या खोक्यावरची धूळ पुसत राहिला.

‘मग तू काय म्हणालास?’

‘डावी.’

‘काऊन? तुला वाट माहीत होती?’

‘मले काय माहीत असन, मीबी पहिल्यांदाच गेलतो. डाव्या वाटेले टेंभराचं झाड दिसलं. पिवळीजर्द टेंभरं लागलेली. म्हणलं, इकडून गेलो तर दोन तोडता येईन.’

टेंभरं! माझ्या बापाची कीर्ती, स्मशानातलं भाषण, आयटीआय की बारावी, आणि माझी सगळी नोकरी, एका भुकेल्या पोराच्या टेंभरांवर उभी! दुसऱ्या कुणाच्या बापाची गोष्ट असती तर मी रस्त्यावर लोळून हसलो असतो.

‘खाल्ली का?’

‘काकानं छत्रीनं पाडून देल्ली दोन. तुह्या हातावरबी एक ठेवलं होतं.’

हे मला अजिबात आठवत नव्हतं. छत्रीची दिशा आठवत होती, टेंभर नाही.

मग मी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी खरं तर पायरीवर येऊन बसलो होतो. ‘मी कुठं होतो तेव्हा?’

‘त्याइच्या दुसऱ्या बाजूले.’

‘मग मले काऊन नाई विचारलं? मी त्यांचा मुलगा होतो.’

त्यानं फडकं खाली ठेवलं. ‘तू बोलून राह्यला होता ना. नवरदेवाच्या काकाले कोणती तरी गोष्ट सांगून राह्यला होता. अन् तुले सांगतलं असतं तर नाला ओलांडायच्या आधी बँडवाल्यालेबी समजलं असतं.’

‘बाबा असं म्हणाले?’

‘असंच म्हणाले. म्हणे, तूच सांग पोट्ट्या. अन् कोणाले बोलू नको.’

मी खुर्चीत बसलो.

अथेन्सच्या त्या म्हाताऱ्यानं जन्मभर लोकांना दाखवून दिलं की तुम्हाला माहीत आहे असं वाटतं, ते तुम्हाला माहीत नाही. वर्गात मी हे मिटक्या मारत शिकवतो. ज्याच्यावर ही पाळी येते तो संवाद अर्धा सोडून निघून जातो, काहीतरी काम आठवलं म्हणून. त्या पळणाऱ्यांना मी नेहमी हसायचो. मलाही त्या सकाळी एकदम काम आठवलं होतं. पण पाय उचलेना. मला खरी गोष्ट माहीत नसल्याचं दुःख नव्हतं. बाबांना वाट माहीत नव्हती, त्याचंही फारसं नव्हतं. पण त्यांना कळत नव्हतं तेव्हा ते दोन पोरांच्या मध्ये उभे होते, आणि वाकताना ते पलीकडच्याकडे वाकले.

आणि हा! इतकी वर्षं मी ती गोष्ट सांगत होतो. याच खुर्चीत, याच्या लग्नात, याच्या मुलीच्या बारशाला. प्रत्येक वेळी मी वाकलो आणि प्रत्येक वेळी यानं ‘हूं’ म्हटलं. बाबांच्या तेराव्याला मी रडत रडत सांगितली, तेव्हाही.

‘तू तोंड शिवून बसलास इतकी वर्षं,’ मी म्हणालो, ‘मग काल कायले उघडलं? तेही चारशे लोकांत?’

‘तू त्याइले आंधळा म्हणलास.’

‘मी त्यांना नाही म्हणालो! मी तर म्हणालो, ते तसे नव्हते.’

‘पण ते तसेच होते ना. तुले माहीत नव्हतं, मले होतं. तू चारशे लोकाइसमोर म्हणलास, अंदाजानं चालते तो आंधळा, त्याच्या मागं जाणं जुगार. माह्या डोळ्यासमोर काका उभे. घाम फुटला होता त्याइले, तरी छत्री सरळ धरली. मागं बायका-लेकरं होती म्हणून. मले नाई सहन झालं बे.’

म्हणजे माझ्या बापासाठी तो माझ्यावर उलटला. यावर काय बोलायचं सांगा. फितुराची गचांडी धरावी तर तो आपल्याच बापाच्या बाजूनं उभा. बाप त्याच्या बाजूनं. अन् मी मंचावर शाल घेऊन.

चहा आला. मी प्यालो नाही, मग प्यालो. मी उठायला लागलो तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘अजून एक बोलले होते ते. टेंभरं पाडताना.’

‘काय?’

‘तुह्याबद्दल.’

‘काय बोलले?’

‘नाई सांगत.’

‘काऊन बे?’

‘मले सांगतलं होतं ते. तू उद्या मंचावरून सांगशीन.’

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी सगळं करून पाहिलं. खुशामत केली, अबोला धरला, त्याच्या बायकोला वश केलं. तिनंही विचारून पाहिलं, तिलाही नाही सांगितलं. ते चांगलं होतं की वाईट, एवढं तरी सांग म्हटलं. तो म्हणतो, ‘तू शोध ना, तू ज्ञानाचा मास्तर.’ बाबांची गोष्ट मी तेव्हापासून सांगितलेली नाही. लोक मागतात. मी नाल्यापर्यंत येतो आणि घसा बसल्याचं सोंग करतो.

गेल्या महिन्यात त्याला डेंग्यू झाला. दवाखान्यात भरती केलं, पेशी उतरल्या, घरचे घाबरले. मी धावत गेलो. कॉटशेजारी स्टूल ओढून बसलो, त्याचा हात हातात घेतला, आणि लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिल्यांदा तो आला नाही. ते वाक्य आलं. हा गेला तर ते वाक्यही जाईल, आणि बाबांना मी कसा वाटलो हे जगात कुणालाच माहीत राहणार नाही.

त्यानं डोळे उघडले. तापानं लाल झालेले. माझ्याकडे पाहिलं. त्याला माझ्या तोंडावरून सगळं वाचता येतं, शाळेपासून.

‘मरत नाई बे मी,’ तो म्हणाला. ‘जाय घरी.’

आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.