पाण्याजवळचं घर

"आत्याबाई, ते तळं नाहीच म्हणते मी. शेणपाण्याचा खड्डा आहे. आपल्याकडं उकिरडा असतो, तसा त्यांच्याकडं तो."

"उकिरड्यात कुणी बुडत न्हाई," दगडाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची शेंग फोडली.

सुनेशी सकाळपासून हेच चाललं होतं. परमेश्वरला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, न्यूझीलंडमधल्या चारशे गाईंच्या गोठ्यावर नोकरी लागली होती. डेअरीचा डिप्लोमा आणि केजच्या दूध केंद्रातली आठ वर्षं कामाला आली. बायको-लेकरांचा व्हिसासुद्धा झाला. आता राहायचं कुठं, एवढंच उरलं होतं. मालकानं दोन घरं दाखवली होती. एक गोठ्यालगतचं, तीन खोल्यांचं, मागंपुढं मोकळी जागा असलेलं. दुसरं चाळीस किलोमीटरवरच्या गावात, कुणाच्या तरी परसातल्या दोन खोल्या; पण माणूस गोठ्याजवळच राहावा, असं मालकाचं मन होतं. आज संध्याकाळपर्यंत उत्तर कळवायचं होतं.

"गाईंना तिथं खाली रबराची गादी अंथरतात म्हणं," मोहनराव बाजेवरून म्हणाले. "आन मला इथं सुतळी टोचती."



"हे पहाटे चारला धारा काढायला जाणार," सुनिता सासऱ्यांकडं वळून म्हणाली. "गावातनं म्हणजे तीनला निघायचं. अंधारात, धुक्यात, नव्या रस्त्यानं. आणि मी दोन लेकरं घेऊन परक्या मुलखात एकटी. गोठ्याजवळ असलो तर मधल्या वेळी चहाला तरी घरी येतील. मला पण वासरं पाजायचं काम देतो म्हणालेत."

"तू वासरं पाजत असताना ओवीला कोण बघणार?" दगडाबाईंनी विचारलं.

"सत्यम शाळेत जाईल. ओवी माझ्या नजरेसमोरच असेल की."

दगडाबाईंचा हात शेंगेवर थांबला. नजरेसमोर. हा शब्द त्यांनीही एकदा असाच, याच खात्रीनं वापरला होता.

गावात दगडाबाईंच्या पाण्याच्या वेडाची चेष्टा चालायची. अंगणातल्या हौदावर पत्र्याचं झाकण आणि त्या झाकणावर पाट्याचा दगड. धुणं धुवायचं तर दोघींनी तो उचलायचा. शेजारच्या कडूबाई विचारायच्या, पाणी चोरीला जातंय का बाई तुमचं? गावात शेततळी खोदली गेली, तेव्हा मोहनरावांनी भरून ठेवलेला अर्ज दगडाबाईंनी चुलीत घातला होता. कावून, हे मोहनरावांनी विचारलं नाही. दुसरा अर्जही आणला नाही.

"तो व्हिडिओ दाव पुन्हा," त्या मुलाला म्हणाल्या.

परमेश्वरनं मोबाइल पुढं धरला. पांढरं घर, कपडे वाळत घालायची तार आणि तारेच्या पलीकडं हिरवागार चौकोन.

"समदी जमीन उंचसखल, आन एवढंच गवत कसं काय सपाट?"

परमेश्वर घुटमळला, पण आईशी खोटं बोलणं त्याला जमत नसे. "तेच तळं हाय, माय. वर साय धरती. ती वाळली की गवत उगवतं."

"खाली?"

"दोन पुरुष खोल."

अडीच वर्षांची ओवी बापाच्या मांडीवर चढली आणि तिनं बोट नेमकं त्या हिरव्यावर टेकवलं. "मी इथं खेळनार."

परमेश्वरनं तिचं बोट उचलून बाजूला केलं. "कुंपण हाय, माय. दोन तारा हायेत."

"ते गाईसाठी. गाय वाकून तारंखालून जात न्हाई."

"मग सरळ म्हणा की, नातवंडं जाऊ नयेत म्हणून," सुनिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट सपाट झाला होता. "तळ्याचं निमित्त कशाला?"

दगडाबाईंना ठसका लागला. शेंगेचं टरफल घशात गेलं असावं. त्या खोकत राहिल्या. तेवढ्यात ओवी उतरून आत गेली आणि माठातलं पाणी फुलपात्रात घेऊन आली. दोन्ही हातांनी धरलेलं, निम्मं फ्रॉकवर सांडलेलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईला माठाकडं जाताना ती रोज बघत होती.

दगडाबाईंनी फुलपात्र घेतलं नाही. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

"मंगल अशीच गेलती," त्या म्हणाल्या.

मोहनराव बाजेवर उठून बसले. "दगडा."

"बोलू द्या." त्या सुनेकडं वळल्या. "आमी ऊस तोडायला गेलतो, सांगलीकडं. ह्यो सहा महिन्याचा पोटात. टोळीच्या समद्या पाचटाच्या कोप्या वरच्या माळावर, पाणी लई लांब. मला घागर झेपंना. मी यांच्या मागं लागले, आपली कोपी कालव्याजवळ घाला. यांनी घातली. जागा मी निवडली. पोरगी नजरंसमोर राहील म्हणाले. दीड महिना राहिली. मग एका सकाळी मला ठसका लागला, मोळी बांधताना. तीन वर्षांची पोर, जर्मनची वाटी घेऊन पाणी आणायला गेली. पाणी लांब असतं, तर तिला वाट माहीत नसती."

परमेश्वरच्या हातातला मोबाइल केव्हाच विझला होता. "ताई तापानं गेली म्हणून सांगितलतं मला."

"मीच सांगितलतं," मोहनराव म्हणाले. "समद्यांना. लोक हिला जगू देतील असं वाटंना."

ओवीचे हात दुखायला लागले, तिनं फुलपात्र जमिनीवर ठेवलं आणि त्यात बोट घालून पाणी ढवळत बसली. सुनितानं ते तिच्यासमोरून उचललं. मग नवऱ्याच्या हातातून मोबाइल घेऊन तिनं तो व्हिडिओ सुरू केला. घर, तार, हिरवा चौकोन. तिथं तो थांबवला. दोन बोटांनी मोठा केला. खालची तार जमिनीपासून किती वर आहे ते तिनं बघितलं आणि मग ओवीकडं.

"तीनला निघावं लागंल मला," परमेश्वर हळूच म्हणाला. "लई धुकं असतंय तिथं. आन मालक म्हणंल, घर नको तर नोकरी बी नको."

सुनितानं मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

"गावातल्या दोन खोल्या घ्यायच्या," ती म्हणाली. "मी कामाला जाणार नाही. आत्ता कळवा. मालक नको म्हणाला तर तुम्ही एकटे जाऊन गोठ्याजवळ राहा, लेकरं इथं राहतील."